आधी पदर, मग बाकीची साडी

मनहरभाई माझ्या खुर्चीत बसले होते आणि स्क्रीन वरपासून खालपर्यंत लालभडक झाली होती.

"आ शुं छे, ज्योतीबेन? मी साधा लूप लिहिला. आणि हा पानभर शिव्या देतोय!"

"शिव्या नाही देत, भाई. विचारतोय."

"काय विचारतोय?"

"तुम्ही नक्की कुठला डबा उघडणार ते."

मनहरभाई माझे साहेब. आमची कंपनी छोटी, सुरतेच्या उधन्यातल्या एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर. जॅकार्ड लूमच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाच्या, कडेला एक पेटी लटकलेली असते. दर ओळीला कुठले धागे उचलायचे आणि कुठले खाली ठेवायचे, ते ती मशीनला सांगते. तिला कंट्रोलर म्हणतात आणि तिचं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. आम्ही म्हणजे मी. मनहरभाई विकतात. कंपनी सुरू केली तेव्हा तेही कोड लिहायचे, त्यामुळे अधूनमधून त्यांच्या अंगात येतं. मग मी उठून चहा आणायला जाते. परत येईपर्यंत बहुतेक वेळा उतरलेलं असतं.

या वेळी मात्र भाई हटून बसले होते, कारण कबूल करून बसले होते ते स्वतःच. फोनवर, नेहमीच्या दोन शब्दांत: "थई जशे." होऊन जाईल.

कबूल केलं होतं आप्पांना. आप्पा मूळचे धुळ्याकडचे, आमच्याच भागातले. सुरतेत आले ते कारीगर म्हणून. माझे वडील आणि ते एकाच खात्यात, म्हणजे कारखान्यात, लूम चालवायचे. पुढे आप्पांनी जुने लूम घेतले, भाड्याचा शेड घेतला, आणि आता कुठे पहिलं नवंकोरं जॅकार्ड मशीन आणलं. आमचा कंट्रोलर लावून. वडील त्यांना मुद्दाम "काय शेठ" म्हणून हाक मारतात. आप्पा वरवर चिडतात, पण आतून खूश होतात.

तर आप्पांच्या घरी कानबाई बसते. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, आम्ही नारळाची देवी मांडतो. तिला नथ घालतो, साडी नेसवतो, गाणी म्हणतो, सोमवारी वाजतगाजत निरोप देतो. उधना, पांडेसरा, भेस्तान, त्या दिवशी कुठेही जा, गल्लीगल्लीत कानबाई. आप्पा इतकी वर्षं देवीसाठी बाजारातून साडी आणायचे. दुसऱ्यांसाठी जन्मभर साड्या विणल्या आणि देवीला मात्र विकत घेऊन नेसवली, ही गोष्ट त्यांच्या बायकोला, म्हणजे जिजींना, फार लागायची. त्यांनी बोलून ठेवलं होतं. आपलं नवं मशीन येईल तेव्हा त्याच्यावरची पहिली साडी देवीची.

इथवर सगळं सरळ होतं. पण जिजींची एक अट होती. साडी पदरापासून विणायला घ्यायची.

आमच्याकडे साडी विणली जाते ती ब्लाउजपीसपासून. आधी ब्लाउज, मग बॉडी, शेवटी पदर. जिजींच्या माहेरची रीत उलटी. देवीसाठी जे काही विणाल ते पदरापासून, कारण देवी घरात येते ती पदर पुढे करून. भाईंनी फोनवर त्यांना समजवायचा प्रयत्न केला होता. म्हणाले, "जिजी, साडी पूर्ण झाल्यावर कुठून सुरू केली ते कुणाला कळणार?"

जिजी म्हणाल्या, "देवीले समजस ना!"

यावर भाईंनी हात टेकले. म्हणून "थई जशे".

आता तो डबा काय ते सांगते. प्रोग्रॅमिंगमध्ये टपल नावाची एक चीज असते. माझ्या आईने ऑफिसला दिलेला मजल्यांचा टिफिन डोळ्यांपुढे आणा. एका मजल्यात भाजी, एकात वरण, एकात भात. मजले ठरलेले, क्रम ठरलेला आणि प्रत्येकात वेगळी वस्तू. टपल म्हणजे हेच. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक साडी म्हणजे एक टपल: ब्लाउज, बॉडी, पदर. तिन्हींचा प्रकार वेगळा. बॉडीत एक छोटी बुट्टी पुन्हा पुन्हा येत राहते. पदरात एकच मोठं चित्र असतं. ब्लाउज बहुतेक प्लेन असतं, कधी बाहीला काहीतरी असतं. मजल्यांना नंबर असतात आणि ते शून्यापासून सुरू होतात. का, ते विचारू नका. मी कॉलेजात विचारलं होतं, सरांनी बसायला सांगितलं.

हा टिफिन एखाद्या फंक्शनकडे, म्हणजे ठरलेलं काम करणाऱ्या कोडकडे, आख्खा बंद देता येतो. किंवा देतानाच उघडून एकेक मजला त्याच्यासमोर मांडता येतो. दोन्ही चालतं. चालत नाही ते भाईंनी केलं. त्यांनी लूप लावला: नंबर शेवटून सुरू कर, एकेक कमी करत जा, आणि त्या त्या नंबरचा मजला उघड.

"यात चुकीचं काय आहे? शेवटून पहिल्यापर्यंत. पदर, बॉडी, ब्लाउज. झालं!"

"भाई, लूपमधला नंबर प्रोग्रॅम चालू झाल्यावर ठरतो. आणि मजल्याचा नंबर त्याच्या आधी ठरायला लागतो."

"आधी म्हणजे कधी?"

"कंपाइल होताना."

कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं वाचून मशीनच्या भाषेत उतरवून देणारा. तो मशीन चालू व्हायच्या आधी काम करतो. मजल्यातून काय निघणार हे त्याला तेव्हाच कळायला लागतं, कारण त्याप्रमाणे तो पुढची तयारी करतो. मी आईला म्हटलं, "कुठला मजला उघडणार ते दुपारी ठरवीन, पण त्याला लागणारं भांडं आत्ताच दे," तर आई काय म्हणेल? म्हणेल, "आधी सांग बाई, वरण खाणारेस की भात? वाटी देऊ की ताट?" कंपायलर एवढंच विचारत होता. फक्त आईइतकं प्रेमाने नव्हे.

भाईंनी लूप पुसला. मग म्हणाले, "तो मग तीन ओळी हाताने लिही. दोन नंबर, एक नंबर, शून्य नंबर. पूरुं!"

"आप्पांची साडी तीन भागांची आहे. उद्या कुणी पाच भागांची घेऊन येईल, कुणी बिनब्लाउजची. दरवेळी हाताने लिहू?"

"मग टपलच काढून टाक. सगळे भाग एका रांगेत ठेव, एकाच जातीचे. मग तुझा कंपायलर काही विचारणार नाही."

"तेच तर नको ना, भाई. तो विचारायचा बंद झाला की पदराच्या जागी ब्लाउज गेलं तरी कुणी बोलणार नाही."

"तू माझी कंपनी बंद पाडशील," असं म्हणून भाई खुर्चीतून उठले. हे ते महिन्यातून एकदा तरी म्हणतात. मी मनावर घेत नाही.

यावरचा उपाय फार गोड आहे. मला तर तो दरवेळी लिहिताना मजा येते. मजल्यांचे नंबर आपण मोजायचेच नाहीत. कंपायलरलाच सांगायचं, टिफिनला जेवढे मजले असतील तेवढ्या नंबरांची माळ तूच ओवून दे. तीन मजले तर तीन मणी, पाच तर पाच. माळ मशीन सुरू व्हायच्या आधीच तयार होते, म्हणून कंपायलर कुरकुरत नाही. मला ती उलटी हवी होती, म्हणजे फक्त शेवटच्या नंबरातून प्रत्येक मणी वजा करायचा. लिहिलं, चालवलं, एकही लाल ओळ नाही. स्क्रीनवर पदर पहिला आला. मी टेबलावर थाप मारली आणि भाई दचकून केबिनमधून बाहेर आले.

"थयुं?"

"थयुं!"

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, आम्ही दोघं आप्पांच्या शेडमध्ये गेलो. मशीनला हार घातलेला होता. जिजी नऊवारी नेसून, हळदकुंकवाचं ताट घेऊन तयारच होत्या. आप्पांनी या साडीसाठी वेगळा छोटा बीम भरून घेतला होता, लाल ताण्याचा. ताणा म्हणजे उभे धागे, आणि बीम म्हणजे ते ज्याच्यावर गुंडाळतात तो रूळ. एक साडी आणि वर थोडंसं कापड निघेल, एवढाच ताणा होता. दुसरा बीम भरून धागे मशीनला जोडायचे तर रविवार उलटून जाणार होता.

आप्पांनी बटण दाबलं. लूमचा आवाज सुरू झाला की शेडमध्ये बोलायचं ते ओरडूनच. आम्ही सगळे वाकून बघत होतो. लाल कापडावर जरीचं काहीतरी उमटायला लागलं. पदरावर मोठा कलश, त्यावर नारळ, असं डिझाइन होतं. आधी नारळाची शेंडी दिसली, मग नारळ, मग पानं, मग कलशाचा गळा. मी खुशीत भाईंना कोपर मारलं.

तेवढ्यात जिजी पुढे झाल्या. कापडाकडे बघितलं, मान तिरकी केली, आणखी तिरकी केली.

"अवं पोरी! हाऊ कलश डोकावर उभा शे ना!"

आप्पांनी झटकन मशीन थांबवलं. शेडमध्ये एकदम शांतता. मीही मान तिरकी केली. कलश खरंच डोक्यावर उभा होता. नारळ खाली, कलश वर.

चूक कळायला मला वेळ लागला नाही. साडी नेसल्यावर पदराचं टोक खाली लोंबतं. एरवी पदर शेवटी विणला जातो, म्हणून आधी नारळ येतो, मग कलश, आणि कलशाचा तळ पदराच्या टोकाशी राहतो. चित्र सरळ दिसतं. आता आम्ही टोकापासूनच सुरुवात केली होती. भागांचा क्रम मी उलटा केला, पण चित्राच्या ओळी आपल्या जुन्याच क्रमाने चालल्या होत्या, नारळ आधी. कंपायलरने यात काही पकडायचं कारणच नव्हतं, कारण मी त्याला जे सांगितलं ते त्याने चोख केलं होतं.

आप्पा बीमकडे गेले, ताण्यावरून हात फिरवला, अंदाज घेतला.

"एक साडी निघी जाई," ते म्हणाले. "पण एकच."

जिजी मात्र हसायला लागल्या होत्या. आधी पदर तोंडाला लावून, मग उघड. "देवीनी मस्करी करी," म्हणाल्या. "जाय पोरी, सरळ करी लय. उद्या इनूत." उद्या विणू, असं त्यांनी अगदी सहज म्हटलं. त्यांच्या त्या भरवशाने मला रडू येईल असं वाटलं. मी कसंबसं हसले आणि हेल्मेट उचललं.

परत आम्ही दोघं रिक्षाने आलो. मी माझी स्कूटर आप्पांच्या शेडबाहेर विसरून रिक्षात बसले होते, हे ऑफिसला पोचल्यावर लक्षात आलं. हेल्मेट मांडीवरच होतं.

आता काम असं होतं. प्रत्येक भाग उलटा करायचा, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. पदरात एकच मोठं चित्र, त्याच्या ओळी शेवटून पहिल्याकडे. बॉडीत बुट्टी, तीही देठावरची, म्हणजे तिलाही डोकं आणि पाय आहेत. तेव्हा मी "उलट" नावाची फंक्शनं लिहायला घेतली. एकाच नावाची, पण पदरासाठी एक आणि बॉडीसाठी एक. कुठली कुठे वापरायची ते कंपायलर भागाचा प्रकार बघून ठरवतो. म्हणूनच मला भाईंची ती एका जातीची रांग नको होती. मग सगळा टिफिन त्या माळेतून ओढला आणि कंपाइल केलं.

लाल ओळ.

भाई माझ्या खांद्यावरून बघत होते. "आता काय विचारतो?"

"म्हणतो, ब्लाउज उलटं कसं करायचं ते मला कुणी सांगितलेलं नाही."

"अरे, ब्लाउज तर प्लेन हशे! प्लेनला काय उलटं आणि काय सुलटं? रिकामं फंक्शन लिही, काहीच करू नको असं. तो गप्प बसेल."

खरं सांगते, बोटं कीबोर्डवर गेलीही होती. रिकामं फंक्शन म्हणजे दोन कंस, काम संपलं. आप्पांची साडी शनिवारी सकाळी लागणार होती आणि भाई मान हलवत होते. डिझाइनची फाइल आमच्याकडे नसते. डिझायनर ती पेनड्राइव्हमध्ये घालून थेट मशीनवाल्याला देतो. ब्लाउजवर काय आहे ते आमच्यापैकी कुणीच बघितलेलं नव्हतं. ट्रायलमध्ये तर आम्ही पदरातच थांबलो होतो.

मला त्या लाल ओळीचा राग यायला हवा होता. पण शेडमधला तो डोक्यावर उभा कलश डोळ्यांपुढून जाईना. मी फोन उचलला.

"जिजी, ब्लाउजपीस प्लेन आहे ना?"

"प्लेन?" जिजींना जणू मी शिवीच दिली. "देवीनं ब्लाउज प्लेन कसं राही? दोन्ही बाह्यांवर ल्हान ल्हान कलश शेतस. मीच सांगेल व्हतं पोऱ्याले." पोऱ्या म्हणजे डिझायनर. तो चाळिशीचा आहे.

मी फोन स्पीकरवर टाकला आणि भाईंकडे बघितलं. "जिजी, परत एकदा सांगता का, बाह्यांवर काय आहे?"

"कलश! बहिरी व्हयनी का व?"

भाई शेजारच्या खुर्चीत बसले. मग दोन्ही हात जोडून त्यांनी कंप्युटरला नमस्कार केला, अगदी मनापासून. दिवाळीच्या चोपडापूजनाशिवाय त्यांना मी कशाला असा नमस्कार करताना बघितलं नव्हतं. म्हणाले, "बेन, हा विचारत जाऊ दे. कधी गप्प नको करू."

ब्लाउजसाठी तिसरं "उलट" लिहिलं. या वेळी साड्यांची डिझाइनं करणाऱ्या माझ्या चुलतभावाकडून चाचणीसाठी एका साडीची फाइल मागवली, ज्यात सगळ्या भागांत बाण होते, आणि स्क्रीनवर सगळे बाण बरोबर दिशेला फिरताहेत ना ते बघितलं. मग पुन्हा बघितलं. मग भाईंना बघायला लावलं.

शनिवारी शेडमध्ये गर्दी झाली होती. आजूबाजूच्या खात्यांतले कारीगर, त्यांच्या बायका, माझे आई-वडील सुद्धा. वडील रिटायर झाल्यापासून लूमच्या आवाजात गेले नव्हते. आप्पांनी मशीन सुरू केलं. या वेळी कुणी खुशीत कोपर मारलं नाही. आधी एक सरळ जरीची रेघ आली. मग कलशाचा तळ, मग फुगीर पोट. पानं. आणि सगळ्यात शेवटी नारळ, शेंडी वर करून.

जिजींनी टाळी वाजवली आणि कानबाईचं गाणं सुरू केलं. लूमच्या खडखडाटात फक्त त्यांचे ओठ हलताना दिसत होते. पण शेजारणी ओठ बघून सामील झाल्या. आप्पा मशीनला हात लावून उभे होते. माझे वडील त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "काय शेठ!" या वेळी आप्पा वरवर सुद्धा चिडले नाहीत. डोळे पुसायला त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि म्हणाले, सूत उडतंय फार.

बॉडी झाली, बुट्ट्या उभ्या. शेवटी ब्लाउज आलं. बाहीवर लहान लहान कलश, सगळे पायांवर उभे. बीमवर ताणा उरला होता तो हातभर. भाई तो उरलेला ताणा आप्पांकडून मागून घेऊन गेले. ऑफिसात काचेच्या फ्रेममध्ये लावायचाय म्हणे.

रविवारी आप्पांच्या घरी कानबाई बसली. लाल साडीत, पदर पुढे. मनहरभाई सहकुटुंब आले होते आणि गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीवर खीर, खिरीवर परत भाजी, असं काहीतरी चाललं होतं. ओळखीच्या प्रत्येकाला थांबवून ते सांगत होते, "आमच्याकडे सगळं कंपाइल टाइमला पकडलं जातं." समोरच्याला काही कळायचं नाही, पण भाईंचा चेहरा बघून तोही खूश व्हायचा.

निघताना जिजींनी मला आत बोलावलं. ओटी भरली. नारळ, तांदूळ, आणि वर घडी केलेलं ते लाल ब्लाउजपीस.

"जिजी, हे तर देवीचं!"

"देवीनं ब्लाउज माहेरवाशिणले देतस आम्हीन. माले पोर नही." त्यांनी घडी माझ्या हातात दाबली. "धर. हाई तुनं."

आमच्या धंद्यात बक्षीस म्हणजे पगारवाढ, किंवा फार तर पिझ्झा. मला त्या दिवशी जे मिळालं ते मी कुठल्या रकान्यात लिहू? मी तिथेच जिजींच्या गळ्यात पडून रडले आणि त्यांनी माझ्या पाठीवर थापट्या मारत आणखी खीर वाढायला सांगितली.

पुढच्या आठवड्यात ते कापड मी भेस्तानच्या माझ्या टेलरकडे घेऊन गेले. माणूस चांगला, पण घाईचा. मापं घेतली, कापड टेबलावर अंथरलं, कात्री उचलली.

"थांबा. बाहीवर कलश आहेत, ते सरळ आले पाहिजेत."

"हो हो ताई, शिवताना बघतो ना."

"शिवताना नाही," मी म्हटलं आणि कापडावर हात ठेवला. "आत्ता. वरची बाजू कुठली ते कापायच्या आधी मला बोट ठेवून दाखवा."

त्याने कात्री खाली ठेवली, कापड फिरवून बघितलं आणि बोट ठेवलं. चुकीच्या बाजूला.